फेरा, फेमा आणि फेऱ्या

गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी आमची आई अंगणात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. बार्शीच्या डॉक्टरांनी फोटो पाहून ‘सोलापूरला न्या’ म्हटले. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला तेथे दाखल केले. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून मी मनातल्या मनात कॉलेजच्या पतसंस्थेची पायरी चढू लागलो होतो, तोच अमेरिकेहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, तू कर्ज काढू नकोस. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेले पैसे आहेत ना बार्शीत? आईला ते लागू देत."

वडिलांनी 2008 साली आम्हा दोघांच्या नावे सारखीच रक्कम मुदत ठेवीत घातली होती. माझा वाटा मी गच्चीच्या गळतीत जिरवला. बहिणीने आपल्या वाट्याला हात लावला नाही. 2010 च्या जूनमध्ये लग्न होऊन ती न्यू जर्सीला गेली, पुढे तीन वर्षांनी वडील गेले, आणि ठेव मुदत संपून तिच्या बचत खात्यात जमा होऊन पडली.

बँक आमच्या घरापासून चारशे पावलांवर. नाव सांगत नाही. वाचकांनी आपापल्या गावच्या बँकेचे घालून वाचावे, काही बिघडणार नाही. खिडकीत बसला होता माझाच एक जुना विद्यार्थी. त्याने संगणकात डोकावून पाहिले आणि चेहरा लांब केला.

"सर, खातं निष्क्रिय आहे. केवायसी थकलंय. आणि ताई परदेशात, खातं मात्र निवासी."

यातला प्रत्येक शब्द मला पुढील सात महिन्यांत पाठ झाला. खातेदाराने दोन वर्षे काही उलाढाल केली नाही, की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे तसेच राहिले, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. ते बुडत नाहीत, मागता येतात. पण मागायचे कोणी आणि कसे, हाच तर प्रश्न! ‘केवायसी’ म्हणजे आपला ग्राहक ओळखा. धोका कमी असलेल्या ग्राहकाला बँकेने दर दहा वर्षांनी पुन्हा ओळखायचे असते. ज्या मुलीला शाळेत जाताना अर्धी बार्शी ओळखत होती, तिला चारशे पावलांवरची बँक ओळखत नव्हती.

तिसरी चूक मात्र आमची. माणूस परदेशी राहायला गेला, की त्याने बँकेला कळवून आपले साधे खाते अनिवासी, म्हणजे ‘एनआरओ’, करून घ्यायचे असते. पूर्वी 1973 चा ‘फेरा’ नावाचा कडक कायदा होता. तो जाऊन 1999 चा ‘फेमा’ आला आणि 2000 च्या जूनपासून लागू झाला. फेरा गेला, फेमा आला. फेऱ्या मात्र चुकल्या नाहीत. पण मी म्हणतो, मुलीची पाठवणी करताना तिची ओटी भरायची, की बँकेत अर्ज भरायचा?

परदेशाशी पैशाचा व्यवहार बार्शीला नवा नाही. आमची बार्शी लाइट रेल्वे चालवणारी कंपनी 1895 साली लंडनमध्ये स्थापन झाली होती. 1897 पासून बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी तिची अडीच फुटी गाडी धावू लागली आणि 1954 मध्ये सरकारने ती विकत घेईपर्यंत तिचा धनी साहेबाच्या देशात होता. आणि इथे एका मुलीला आपल्याच आईसाठी आपलेच पैसे काढता येईनात!

असो. कागदांची यादी मिळाली. पारपत्र, व्हिसा, तिकडच्या पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो. आधार नाही. कसे असेल? देशातले पहिले आधार 2010 च्या सप्टेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, तेव्हा ही सातासमुद्रापार गेलेली. शिवाय खाते माहेरच्या नावाचे आणि पारपत्र सासरच्या. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला. बहिणीने सगळ्यावर तिकडच्या नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि कुरिअरने पाठवले.

"सर, नोटरी चालत नाही. भारतीय वकिलातीचाच शिक्का हवा."

मी मराठीचा मास्तर. नियम म्हटला की मूळ पाठ काढून वाचायची खोड. रिझर्व्ह बँकेचा आदेश मिळवून वाचला, तर अनिवासी माणसाच्या कागदांवर कोणाची साक्ष चालते याची यादीच त्यात दिलेली: भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतले अधिकारी, आपल्या बँकांशी संबंध असलेल्या परदेशी बँकांच्या शाखा, परदेशातला नोटरी, तिकडचे न्यायाधीश व न्यायदंडाधिकारी, आणि शेवटी वकिलात. नियमाने इतकी दारे उघडी ठेवलेली, खिडकीने एकच ठेवले! मी छापील पान पुढे केले.

"मला पटतंय, सर. पण आम्हाला आलेल्या पत्रात वकिलात एवढंच आहे. शब्दाला धरून अर्थ लावावा, हे तुम्हीच शिकवलंत."

मी हे केव्हा शिकवले ते आठवेना; पण शिकवले असणार. पान मुख्य कार्यालयाकडे गेले आणि नऊ आठवड्यांनी नोटरी मान्य होऊन आला.

बँकेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. धनी परदेशी असलेले, वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेले खाते म्हणजे लबाडाला पर्वणीच. आणि बहिणीचे पैसे मागायला भाऊ यावा, हे दृश्य आपल्याकडे बँकांनी काय, कोर्टांनीही पुष्कळ पाहिले आहे. त्या पोराने माझ्यावर विश्वास का ठेवावा? मी त्याला शिकवले, एवढ्यावर?

मग अडली सही. 2008 साली तिने मोठ्या अभिमानाने मराठीत, माहेरच्या नावाने सही केली होती. आता तिची सही इंग्रजीत, सासरच्या नावाची. बँक म्हणाली, आधी जुनी जुळली पाहिजे. झाले! रोज रात्री माझ्या फोनवर सह्यांचे फोटो येऊ लागले. "दादा, ही जमली का?" तिच्या शाळेच्या वहीतली अक्षरे काढून मी ताडून पाहत होतो. स्वतःचीच सही गिरवायची वेळ तिच्यावर आली. एका रात्री फोटो आला नाही, फोन आला. "हातच वळत नाही रे आता तसा," म्हणाली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

इस्पितळाचे पैसे तिने तेव्हाच, दोन दिवसांत, पगारातून माझ्या खात्यावर पाठवले होते. आई बरी होऊन घरी आली होती, काठीने अंगणात फिरत होती. मी म्हटले, आता घाई कशाची? तर म्हणाली, "ते माझे पैसे होते, दादा. बाबांचे नव्हते."

सही अकराव्या खेपेला जुळली. पाडव्याच्या सुमारास खाते जागे झाले, ‘एनआरओ’ही झाले. त्यातल्या व्याजावर तीस टक्के कर आधीच कापला जातो आणि दोन देशांतल्या करारामुळे तो कमी करायला आणखी दाखले लागतात. ती कथा पुढच्या दिवाळी अंकाची.

बहिणीचा जुना मोबाइल क्रमांक कधीच बंद पडला होता, म्हणून संपर्कासाठी आईच्या फोनचा क्रमांक दिला. पहिलेच पैसे आईच्या नावावर पाठवायला ती तिकडे रात्री जागत बसली. इकडे सकाळी आईच्या फोनवर आकडे आले. बहीण दुसऱ्या फोनवरून म्हणाली, "आई, वाच पटकन, वेळ संपेल."

आईने चष्मा लावला, निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि फोन पदराआड धरला.

"सांगायची नाही. बँकेने लिहिलंय, कुणालाही सांगू नका म्हणून."