गाडी कुठे थांबवायची?

नाशिककराला सहलीसाठी रजा काढावी लागत नाही. रविवारी सकाळी सातला घर सोडावं, दिवेलागणीला परत यावं. एवढ्या वेळात किल्ला, धरण, लेणी, हेमाडपंती देऊळ यांतलं काहीही गाठता येतं. पांडवलेण्यांना तर सहलही म्हणायची सोय नाही, इतकी ती घराजवळ. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख तिथे आहे, आणि शहरातली निम्मी माणसं लेण्यांच्या पायऱ्या रोज सकाळी फक्त वजन उतरवण्यासाठी चढतात. असो, लेण्यांची त्याला हरकत नसावी.

आपल्याकडे सहल जन्मली ती यात्रेच्या पोटी. पौषात निवृत्तिनाथांची वारी, चैत्रात सप्तशृंगीची यात्रा, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. पायी जायचं, दशम्या-चटणी बांधून घ्यायची. मग घरोघरी स्कूटर आली, पुढे चारचाकी आली, आणि चालणं गाडीने खाल्लं. आता प्रश्न कुठे जायचं हा उरलेला नाही. गाडी कुठपर्यंत जाते, हा आहे.

काही ठिकाणी गाडी जवळ गेल्याने काही बिघडत नाही. पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटरवर सिन्नर. यादवांच्या या जुन्या राजधानीतलं गोंदेश्वराचं देऊळ म्हणजे पंचायतन: मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं. गाडी आवारापाशी लागते, आजीलाही नेता येतं. फक्त भर दुपारी जाऊ नये. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर पडलं की कोरीव काम उठून दिसतं.

नांदूर मधमेश्वरला मात्र गाडी आणि माणूस दोघांनीही थोडं लांबच थांबलेलं बरं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला तो कालव्यांसाठी. पुढे त्यात गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या हिशेबी हा तोटा. पक्ष्यांनी त्याचं घर केलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये रामसर यादीत आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण ठरलं. डिसेंबर-जानेवारीत उजाडताना चापडगावच्या बाजूने जावं. तलवार बदकं, थापटे, चित्रबलाक, नशीब असेल तर रोहित. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला पक्षी दिसेल. त्याचं मराठी नाव ‘वारकरी’, आणि तोही दिंडीनेच हिंडतो. दुर्बीण नसेल तर मागून न्या, पण गाडीतली गाणी बंद ठेवा.

आता वादाच्या ठिकाणी येतो. सप्तशृंगी गडावर 2018 मध्ये फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. पाचशेच्या आसपास पायऱ्या ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत त्यांची सोय झाली. मला त्यात वावगं वाटत नाही. गडावर माणूस जातो तो देवीच्या दर्शनाला. आई वर उभी आहे आणि लेकरू कसं आलं, हे ती विचारत नाही. पण हाच न्याय उचलून अंजनेरीला लावू गेलं की गफलत होते.

अंजनेरी त्र्यंबक रस्त्यावर, वीसेक किलोमीटर. हनुमंताचं जन्मस्थान म्हणून डोंगराची ख्याती. कर्नाटकातल्या किष्किंधेचाही तोच दावा, आणि 2022 मध्ये त्यावरून साधू-महंतांची सभा नाशकात चांगलीच तापली होती. गावात जुन्या हिंदू-जैन देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत. पायवाट नि पायऱ्या चढून वर गेलं की भलंमोठं पठार, अंजनीमातेचं देऊळ, तळं. पण या डोंगराचं खरं धन पावसाळा सरताना गवतात उगवतं. कंदीलपुष्प वर्गातली एक जात इथे सापडली आणि 2006 मध्ये तिची शास्त्रीय नोंद डोंगराच्याच नावाने झाली: सेरोपेजिया अंजनेरिका. अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत ती मोडते. गवतात चुकून पाय पडला तर कळणारही नाही, इतकं ते झाड किरकोळ.

वर कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे देशातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तीही 2006 मध्येच. जी उरली त्यांना हवा तो निवांत कडा. 2017 मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तो याच श्रीमंतीमुळे.

आणि तरी 2021 च्या सुमारास मुळेगावाकडून डोंगरावर मोटाररस्ता नेण्याची कल्पना निघाली, पुढे अंजनेरी ते ब्रह्मगिरी रज्जुमार्गाची. दोन्हींना नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. बाजू मांडणारे म्हणतात, पर्यटन वाढेल, गावात चार पैसे येतील. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पायथ्याच्या माणसाने आपल्या डोंगराकडे पोट म्हणून पाहिलं तर त्याला दोष कसा द्यावा? पण आज वर जाणारा माणूस पायथ्याशी थांबतो, चहा पितो, शेंगा घेतो, परतताना पिठलं-भाकरी खातो. पाळण्यात बसून डोक्यावरून जाणारा काय विकत घेणार? शिवाय गाडी वर गेली की पठारावर वाहनतळ लागेल, टपऱ्या येतील, बाटल्यांचा खच पडेल. वर बघायला जे जायचं, ते त्याखालीच असेल.

अंजनेरीला जायचं तर सप्टेंबरात, शक्य तर आडवारी. गाडी पायथ्याशी लावा आणि रमतगमत दीड-दोन तास चढा. पायवाट सोडू नका, मुलांनाही सोडू देऊ नका. कंदीलपुष्प नाही दिसलं तरी सोनकीचा पिवळा गालिचा असतोच. उतरताना भूक लागते, तेव्हा गावात जेवण सांगून ठेवायचं ते चढण्याआधी. भाकरी थापायला वेळ लागतो.