बाळंतपणाची बॅग आणि मनातला संकोच

नववा महिना लागला की घरात तयारीची लगबग सुरू होते. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली जातात, डिंक-मेथीची यादी होते. आर्वी, पुलगाव वा हिंगणघाटला माहेरी आलेल्या लेकीची बॅग आई हौसेने भरते. परंतु लेकीच्या मनात एक प्रश्न घोळत असतो आणि तो आईलाही विचारवत नाही. तपासताना डॉक्टर, परिचारिका काय म्हणतील? जांघेतले केस काढून जावे का? मग पोट आड येत असतानाही न्हाणीघराचे दार लावून ब्लेड हाती घेतले जाते. खरा धोका तेथेच आहे.

ही समजूत रूढ केली ती रुग्णालयांनीच. केसांत जंतू राहतात, या विचाराने प्रसूतीपूर्वी वस्तरा फिरवण्याची पद्धत पडली. १९२२ मध्येच अमेरिकेत ३८९ स्त्रियांच्या अभ्यासात दिसून आले, की केस काढल्याने जंतुसंसर्ग कमी होत नाही. तरीही ती पद्धत पुढे कित्येक दशके चालूच राहिली. कारण नाहीसे झाले तरी परिपत्रक मागे घेतले जात नाही, तसाच हा प्रकार! वस्तऱ्याने त्वचेवर सूक्ष्म ओरखडे पडतात, जंतूंना तीच वाट मिळते. केस पुन्हा उगवताना आग व खाज होते ती निराळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत आणि एनिमाही देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. सिझेरियन ठरलेच, तर आवश्यक तेवढेच केस रुग्णालयात यंत्राने कापून आखूड करतात. घरी ब्लेड वापरण्याचे कारण उरत नाही.

दुसरी भीती याहून अवघड. कळा देताना शौचास झाले तर? बाळाचे डोके खाली सरकताना आतड्यावर दाब येतो, त्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. परिचारिका ते पुसून टाकतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यांचे लक्ष बाळाच्या ठोक्यांकडे असते.

वर्धा जिल्ह्यात हा संकोच सोडणे तुलनेने सोपे असावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नायर यांनी स्त्रिया व बालकांसाठीच्या छोट्या रुग्णालयातून उभे केले. १९६९ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालयही आले. खेड्यात आशाताई घरापर्यंत येतात. त्यांना एकांतात विचारलेला प्रश्न त्यांना मुळीच नवा नसतो.

मग आवरायचे तरी काय? कोमट पाण्याने अंघोळ करावी, नखे कापावीत. अंगावरून पाणी गेले असेल, तर मात्र अंघोळीत वेळ न दवडता आधी रुग्णालय गाठावे. डोहाळजेवणाची मेंदी हौसेने काढावी, पण बोटांची टोके मोकळी ठेवावीत आणि नेलपॉलिश पुसून टाकावे. रक्तातील ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटालाच लावतात. पायांना सूज असेल, तर जोडवी वेळीच उतरवून सासूबाईंकडे किंवा आईकडे द्यावीत. शस्त्रक्रियेच्या वेळी चुडाही काढावा लागतो, त्यात अशुभ मानण्याजोगे काही नाही. केसांची सैलसर वेणी घालावी. बॅगेत ब्लेडऐवजी कंगवा, दोन रबरबँड, सुती गाऊन आणि तपासणीची फाइल असावी. ती फाइल सर्वांत वर.