पोलीस ठाणे, रुग्णालय, वर्ग, वस्ती : मुंबईतील हिंसाप्रतिबंधाचे काम

टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात आपल्या समाजकार्यकर्त्या बसवल्या आणि महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला. भारतीय दंडसंहितेत 498अ हे कलम आदल्याच वर्षी आले होते. सासरी होणारा छळ कायद्याने गुन्हा ठरला, पण ठाण्यात आलेल्या बाईची ‘घरगुती भांडण’ म्हणून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून बोळवण करण्याची रीत तशीच होती. संस्थेने वेगळे केंद्र न थाटता पोलिसांच्याच इमारतीत जागा मागितली, आणि या कामाच्या टिकण्याचे मूळ त्या निर्णयात आहे. मदत मागायला निघालेल्या बाईला पोलीस ठाणे ठाऊक असते, संस्थेचा पत्ता ठाऊक नसतो.

कक्षातली कार्यकर्ती बाईचे म्हणणे पूर्ण ऐकते, तिला काय हवे ते विचारते, मग कामाला लागते. सासरच्यांना बोलावणे, स्त्रीधन परत मिळवणे, निवाऱ्याची सोय, गुन्हा नोंदवायचा असल्यास जबाबाच्या वेळी सोबत, असे हे काम असते. पोलिसांच्या आवारात बसल्याने तिच्या बोलावण्याला वजन येते. पोलीस खात्याची नसल्याने ती बाईच्या बाजूने उभी राहू शकते. संसार टिकवा, मिटवून टाका, हा दबाव माहेराकडूनही येतो. हिंसा थांबल्याशिवाय समेटाची भाषा करायची नाही, हा आग्रह म्हणूनच मोलाचा. पुढे राज्य सरकारने ही पद्धत स्वीकारून जिल्ह्यांत नेली. राजस्थान, हरियाणा यांसारख्या राज्यांतही ती पोहोचली. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, तेव्हा त्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याने नेमके काय करायचे याचा एक घडलेला नमुना महाराष्ट्रात आधीच होता.

ठाण्याची पायरी न चढणारी बाई रुग्णालयात मात्र येते. ‘पाय घसरून पडले’ एवढेच सांगते, टाके घालून घरी जाते. ‘सेहत’ या आरोग्य संशोधन केंद्राने आणि मुंबई महापालिकेने 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले ते या बाईसाठी. परिचारिकांना आणि डॉक्टरांना जखमेमागचा प्रश्न विचारायला शिकवणे हा त्याचा गाभा. नंतर महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रे निघाली.

मार पडण्याआधीच काही करता येईल का, हा प्रश्न शाळेत नेऊन ठेवतो. स्त्रियांवरील संशोधनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र, टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘कोरो’ ही स्वयंसेवी संस्था यांनी 2008 पासून मुंबईतील 45 पालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत काम केले. शाळांचे तीन गट पाडले होते. एका गटात वर्गातील चर्चा आणि शालेय मोहीम, दुसऱ्यात फक्त मोहीम, तिसऱ्यात यांपैकी काहीच नाही. मुलींचे लग्नाचे वय, घरकाम, मारण्याचा ‘हक्क’ यांविषयीची मते चर्चा झालेल्या शाळांत स्पष्टपणे सुधारली. शाळेतल्या प्रत्यक्ष मारामारीविषयीचे निष्कर्ष मात्र इतके सरळ नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे. मत बदलल्याची नोंद प्रश्नावलीत लवकर उमटते, हात थांबायला वेळ लागतो. ‘परिवर्तन’ या उपक्रमाने क्रिकेट प्रशिक्षकांमार्फत मुलांशी हाच संवाद केला.

प्रौढ पुरुषांशी बोलणारे मात्र फार थोडे. 1991 साली एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून, बायकोला मारणे चूक मानणाऱ्या पुरुषांना साद घातली. दोनशेहून अधिक जणांनी उत्तर दिले. त्यातून 1993 मध्ये ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. ‘पुरुष स्पंदनं’ हा तिचा दिवाळी अंक, मराठी वाचकांना या विषयाकडे नेणारी एक दुर्मीळ वाट.

या सगळ्याचा उपयोग किती, हे मोजणे सर्वांत कठीण. ‘स्नेहा’ ही संस्था 1999 पासून मुंबईत काम करते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांसह तिने वस्त्यांचे 48 विभाग निवडले, प्रत्येकी सुमारे 500 घरांचे. निम्म्यांत स्त्रिया, पुरुष व तरुणांचे गट बांधले आणि उरलेले तुलनेसाठी ठेवले. अशा पाहणीत जागतिक आरोग्य संघटनेचे नियम पाळावे लागतात. एका घरातील एकाच स्त्रीला विचारायचे, तेही एकांतात. पाहणी स्त्रियांच्या आरोग्याची म्हणून सांगितली जाते, कारण खरा विषय नवऱ्याला कळला तर विचारणाऱ्यामुळेच तिला मार बसू शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 18 ते 49 वयोगटातील, लग्न झालेल्या 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम 14 टक्क्यांनी. म्हणजे बहुतेकींनी मदत मागितलीच नाही. वस्तीतल्या कार्यकर्तीने विश्वास कमावला की पूर्वी न बोलणाऱ्या बायका बोलू लागतात, आणि काम चांगले चाललेल्या वस्तीत नोंदलेली हिंसा काही काळ वाढलेली दिसू शकते. म्हणून हिंसा उघड सांगण्याचे प्रमाण आणि हिंसा घडण्याचे प्रमाण संशोधकांना वेगवेगळे तपासावे लागते.