चंबळचे दरोडे आणि शासनाचे तीन मार्ग

ग्वाल्हेरच्या उत्तरेकडील भिंड आणि मुरैना जिल्ह्यांत चंबळ व तिच्या उपनद्यांनी मऊ मातीत खोल घळी कोरल्या आहेत. स्थानिक भाषेत त्यांना ‘बीहड’ म्हणतात. टोळ्यांना इथे आसरा मिळे, आणि उत्तर प्रदेश व राजस्थानच्या सीमा जवळ असल्याने एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात निसटणे सोपे जाई. दरोडा आणि ‘पकड’, म्हणजे खंडणीसाठी अपहरण, हे टोळ्यांच्या कमाईचे मुख्य मार्ग. त्यांच्या बंदोबस्तासाठी शासनाने बळ, शरणागती आणि कायदा असे तीन मार्ग चोखाळले.

पहिला मार्ग सशस्त्र कारवाईचा. 1955 मध्ये टोळीचा म्होरक्या मानसिंह मारला गेला. 1959 मध्ये दुसरा म्होरक्या गब्बरसिंह. त्या सुमारास मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख होते मूळचे कामठीचे के. एफ. रुस्तमजी. खबऱ्यांचे जाळे आणि चकमकी यांमुळे टोळ्या खिळखिळ्या झाल्या. पण म्होरक्या पडला की दुसरा उभा राही. कारण जमिनीचे तंटे, खानदानी वैर आणि न्याय मिळणार नाही ही भावना गावांत तशीच राहत होती.

दुसरा मार्ग शरणागतीचा. याच मुळाशी जाण्याचा प्रयत्न विनोबा भावे यांनी मे 1960 मध्ये केला. मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह याने तुरुंगातून त्यांना साद घातली होती. विनोबांच्या पदयात्रेत 20 जणांनी शस्त्रे ठेवली. गुन्हेगारांचा गौरव झाल्याने जिवावर उदार होऊन लढणाऱ्या पोलिसांवर अन्याय होतो, हा रुस्तमजींचा आक्षेपही तितकाच रास्त होता.

14 एप्रिल 1972 रोजी जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत टोळीप्रमुख माधोसिंह, मोहरसिंह आणि त्यांच्या साथीदारांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. ही माफी नव्हती. फाशी होणार नाही असे आश्वासन होते, पण खटले आणि तुरुंगवास टळला नाही. मुंगावलीच्या खुल्या कारागृहात कैद्यांना शेती करता आली. 1983 मध्ये भिंडला फूलनदेवीने मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. शिक्षा आठ वर्षांहून अधिक नसावी, अशी तिची अट होती. प्रत्यक्षात खटल्याविनाच तिची सुमारे 11 वर्षे कैदेत गेली. दिलेला शब्द शासनाने पाळला नाही, तर पुढच्या टोळीने कोणाच्या भरवशावर बंदूक खाली ठेवायची?

तिसरा मार्ग कायद्याचा. दरोडे व अपहरणग्रस्त क्षेत्रांसाठी मध्य प्रदेशाने 1981 मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात विशेष न्यायालये आणि जामिनाच्या कडक अटी आल्या. ग्वाल्हेरच्या न्यायालयांत त्याखालील खटले आजही चालतात.

ग्वाल्हेर-शिवपुरी भागातील गडरिया टोळीचे म्होरके 2006-07 मध्ये मारले गेले आणि मोठ्या टोळ्यांचा काळ संपला. बळाने टोळी मोडते, शरणागतीने ती रिकामी होते, कायद्याने तिला शिक्षा होते. मात्र नवी टोळी उभी राहू नये, यासाठी गावातला जमिनीचा तंटा वेळेत आणि निःपक्षपातीपणे सुटावा लागतो.