हसविणारा रड्या

वाचकहो, काळी गोल टोपी घातलेला एक किडकिडीत मनुष्य डोके खाजवीत रडू लागतो आणि त्याचा धिप्पाड सोबती हताशपणे प्रेक्षकांकडे पाहतो, हे दृश्य आपण पाहिलेच असेल. जग त्यांना लॉरेल आणि हार्डी म्हणते; मराठी प्रेक्षकांनी ‘जाड्या-रड्या’ म्हणून त्यांना घरातलेच करून घेतले. त्यांतील रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, मूळचा अमेरिकन नव्हे.

त्याचा जन्म १६ जून १८९० रोजी इंग्लंडमधील अल्व्हरस्टन या गावी झाला. आर्थर स्टॅन्ली जेफर्सन हे त्याचे खरे नाव. आई नटी, वडील नाट्यगृहांचे व्यवस्थापक. त्यामुळे रंगभूमीचे बाळकडू घरीच मिळाले. १९१० साली फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटकमंडळीबरोबर तो अमेरिकेस गेला. त्याच जहाजात चार्ली चॅप्लिन होता. चॅप्लिन मंडळीतील प्रमुख नट, तर स्टॅन त्याच्या जागी वेळप्रसंगी उभा राहणारा राखीव नट! पुढे चॅप्लिन चित्रपटांत गेला आणि जगप्रसिद्ध झाला. स्टॅन मात्र परक्या देशात वर्षानुवर्षे लहानमोठ्या नाट्यगृहांतून हिंडत राहिला.

अखेर हॅल रोच याच्या चित्रसंस्थेत तो लेखक व दिग्दर्शक झाला. तेथे १९२७ साली जॉर्जिया राज्यातील ऑलिव्हर हार्डीशी त्याची जोडी जमली आणि दोघांचेही भाग्य उजळले. पडद्यावर रड्या मंदबुद्धीचा. प्रत्यक्षात विनोदाच्या बहुतेक युक्त्या त्याच्याच डोक्यातून निघत. चित्रणानंतर हार्डी गोल्फ खेळावयास जाई, तेव्हा स्टॅन चित्रपटाची जुळणी करीत बसे. उंच जिन्यावरून पियानो चढविण्याच्या खटाटोपावरील त्यांच्या ‘द म्युझिक बॉक्स’ या लघुचित्रपटास १९३२ साली अकादमी पारितोषिक मिळाले. बोलपटांच्या आरंभी तर त्यांनी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन या भाषांतील संवाद केवळ उच्चार घोकून म्हटले!

१९५३ साली त्यांचे जहाज आयर्लंडमधील कोव्ह बंदरास लागले, तेव्हा तेथील चर्चच्या घंटांतून त्यांच्या चित्रपटांतील ओळखीची धून उमटली. ती ऐकून दोघांचेही डोळे भरून आले.

७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी निवर्तला. स्वतः आजारी असल्याने स्टॅनला मित्राच्या अंत्यविधीसही जाता आले नाही. त्यानंतर पैसा व कीर्ती यांची आमंत्रणे आली, तरी त्याने पुन्हा कधीच अभिनय केला नाही. जोडीतील एक गेल्यावर खेळ संपला, ही त्याची निष्ठा. १९६१ साली त्याला सन्माननीय अकादमी पारितोषिक देण्यात आले.

सँटा मोनिका येथील लहानशा घरात तो राहत असे. त्याचा दूरध्वनी क्रमांक सर्वांसाठी छापलेल्या यादीत होता. कोणीही अनोळखी चाहता फोन करी, भेटावयास येई. पत्रांना तो स्वतः उत्तरे लिही. २३ फेब्रुवारी १९६५ रोजी त्याचा अंत झाला.

वाचकहो, परक्या भूमीवर माणसाला घर कशाने मिळते? स्टॅनला ते एका मित्राच्या सोबतीत मिळाले. पुढच्या वेळी मुलांसह रड्याला रडताना पाहाल, तेव्हा मनसोक्त हसा. पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या जाड्याकडेही क्षणभर पाहा.