ओपनसीव्हीची विंडो उघडत नाही? स्क्रीनशिवाय फोटोवर काम असं करा

पायथनमध्ये फोटोवर काही करायचं म्हटलं की पहिलं नाव येतं ओपनसीव्हीचं. १९९९ मध्ये इंटेलमध्ये सुरू झालेली ही लायब्ररी आजही फुकट आहे आणि जगभर वापरली जाते. यूट्यूबवरचा पहिला धडा ठरलेला असतो: ‘आयएमरीड’ने फोटो वाचा, ‘आयएमशो’ लिहा, विंडोत फोटो दिसेल. लॅपटॉपवर हे मस्त चालतं. पण मोबाईलच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडून शिकत असाल, तर नेमकी हीच ओळ अडते. मनमाड-येवल्याकडची मुलं मला या एररचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि खाली लिहितात, ‘दादा, लॅपटॉप घेतल्यावरच बघतो आता.’ लॅपटॉपसाठी थांबायची काहीच गरज नाही.

एरर का येतो? कोलॅबमधला कोड तुमच्या मोबाईलवर चालतच नाही. तो चालतो गुगलच्या कॉम्प्युटरवर, आणि त्याला मॉनिटर जोडलेला नसतो. मग विंडो उघडणार कुठे? ओपनसीव्हीत विंडो दाखवायचं काम ‘हायजीयूआय’ नावाचा वेगळा भाग करतो. फोटो वाचणं, रंग बदलणं, कडा शोधणं, वस्तू मोजणं यातल्या कशालाही स्क्रीन लागत नाही. विंडो ही फक्त आपल्या डोळ्यांची सोय आहे.

म्हणून ‘आयएमशो’च्या जागी ‘आयएमराइट’ वापरा. निकाल फाइल म्हणून सेव्ह होतो, तो गॅलरीतल्या फोटोसारखा उघडून बघा. ‘वेटकी’ची ओळही काढून टाका, कारण ती विंडोतल्या बटणाची वाट बघते. कोलॅबमध्येच फोटो बघायचा असेल तर त्यांनी वेगळं फंक्शन दिलंय. ते कसं इम्पोर्ट करायचं, हे एररच्या मजकुरातच लिहिलेलं असतं. (एरर पूर्ण वाचायची सवय लावा राव, अर्धी उत्तरं तिथेच असतात.)

कांदा मोजून बघू

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. मनमाड, लासलगाव, चांदवड या पट्ट्यात कांद्याचा भाव आकारावरही ठरतो. गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा. नाफेडच्या खरेदीतही ४५ मिलिमीटरच्या वरच्या व्यासाची अट राहिली आहे. ट्रॉली भरण्याआधी घरीच अंदाज घेता आला तर?

पांढऱ्या कापडावर दहा-बारा लाल कांदे एकमेकांना न चिकटवता ठेवा. चिकटलेले दोन कांदे कॉम्प्युटरला एकच मोठा कांदा वाटतात. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. बरोबर वरून, सावलीत फोटो काढा. उन्हात नाणं चमकतं आणि त्याची कडा सापडत नाही. मग कोडमध्ये फोटो ग्रे करा, ‘थ्रेशोल्ड’ने कापड आणि वस्तू वेगळ्या करा, ‘फाइंड कॉन्टूर्स’ने प्रत्येकाची कडा काढा आणि तिच्याभोवती वर्तुळ बसवा. नाणं १८० पिक्सेल आणि कांदा ३२० पिक्सेल आला, तर कांदा झाला ३२० गुणिले २७ भागिले १८०, म्हणजे ४८ मिलिमीटर.

पण थांबा, यात एक गोची आहे. नाणं कापडावर सपाट पडलेलं असतं आणि कांद्याचा सगळ्यात रुंद भाग दोन-अडीच सेंटिमीटर वर असतो. तो कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून मोठा दिसतो. मोबाईल अर्धा मीटर उंचीवर धरला असेल तर सुमारे पाच टक्के फरक पडतो. तुमचा ४८ चा कांदा प्रत्यक्षात ४६ च्या आतबाहेर निघेल, आणि अट आहे ४५ ची! उपाय सोपा: नाणं एखाद्या खोक्यावर, कांद्याच्या निम्म्या उंचीवर ठेवा.

विंडो नसल्याचा इथे फायदाच होतो. प्रत्येक पायरीचा फोटो वेगळ्या नावाने सेव्ह करा: ग्रे केलेला, थ्रेशोल्डनंतरचा, वर्तुळं काढलेला. आकडा विचित्र आला की तिन्ही फोटो उघडा, गडबड कुठल्या पायरीवर झाली ते लगेच कळतं. विंडो बंद केली की गेली, फाइल मात्र राहते.

दोन गोष्टी गुपचूप फसवतात. फोटोचा पत्ता चुकला तर ‘आयएमरीड’ एरर देत नाही, नुसतं ‘नन’ देतं आणि कोड पुढच्या ओळीवर कोसळतो. ‘आयएमराइट’ फोल्डर स्वतः तयार करत नाही; फोल्डर नसेल तर ‘फॉल्स’ देऊन गप्प बसतं. दोन्ही ठिकाणी ‘इफ’ने तपासा.

हेडलेस म्हणजे काय?

हेडलेस म्हणजे मुंडकं नसलेला. नाव भुताचं वाटतं, पण अर्थ एवढाच की मॉनिटर नाही. कोड भाड्याच्या सर्व्हरवर किंवा रास्पबेरी पायवर टाकणार असाल, तर ‘पिप’ने नेहमीच्या ओपनसीव्हीऐवजी ‘ओपनसीव्ही पायथन हेडलेस’ हे पॅकेज घ्या. नेहमीचं पॅकेज विंडोसाठी लागणाऱ्या फाइल्स मागतं. सर्व्हरवर त्या बहुतेक वेळा नसतात, म्हणून ‘लिबजीएल’ सापडत नाही असा एरर येतो. जुनं पॅकेज आधी अनइन्स्टॉल करा. दोन्ही एकत्र ठेवली की एकमेकांच्या फाइल्सवर लिहितात. दुसरी एखादी लायब्ररी स्वतःसोबत नेहमीचं पॅकेज परत ओढून आणते, म्हणून शेवटी ‘पिप लिस्ट’ चालवून खात्री करा.

हेडलेसमध्ये व्हिडिओही वाचता आणि लिहिता येतो. शेडमध्ये लावलेला पाय दर दहा मिनिटांनी फोटो काढून टेलिग्रामवर पाठवणार असेल, तर ‘आयएमएन्कोड’ फाइल न बनवता थेट मेमरीत जेपीजी तयार करतं. फाइल ठेवायचीच असेल तर नावात तारीख-वेळ टाका, नाहीतर प्रत्येक नवा फोटो जुन्यावर लिहिला जाईल. आणि आठवड्यापूर्वीचे फोटो उडवणारी एक ओळही आजच लिहून ठेवा, मेमरी कार्ड वाटतं त्यापेक्षा लवकर भरतं.