हिऱ्याची अंगठी: समज आणि वस्तुस्थिती

साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घालणे ही प्राचीन चाल असल्याचा समज सर्वत्र आढळतो. युरोपातील राजघराण्यांत तिची तुरळक उदाहरणे आहेत. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने 1477 मध्ये बर्गंडीच्या मेरीला दिलेली अंगठी त्यांपैकी प्रसिद्ध. सामान्य घरांत मात्र ती रुजवली जाहिरातीने. 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे मुबलक निघू लागले. भाव कोसळू नयेत म्हणून 1888 मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने पुरवठा मुठीत ठेवला, पण मागणी वाढवायलाही कुणीतरी हवे होते. 1938 मध्ये ते काम एन. डब्ल्यू. एअर या अमेरिकी जाहिरातसंस्थेकडे गेले आणि 1947 मध्ये तिथल्या फ्रान्सेस गेरेटी यांनी ‘हिरा चिरंतन’ अशा अर्थाचे घोषवाक्य लिहिले. जपानमध्ये तर ही चालच नव्हती. 1967 मध्ये जेमतेम 5 टक्के वधूंना अशी अंगठी मिळे. मोहिमेनंतर 1981 पर्यंत हे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांवर गेले. परंपरा इतक्या झटपट क्वचितच तयार होते.

भारतात हिरा सरसकट मंगल मानला गेला, हेही खरे नाही. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी लागेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रमुख देश हाच. पण इथल्या रत्नशास्त्रात आदराइतकीच धास्ती दिसते. पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रियांनी हिरा मुळीच धारण करू नये, हे काही जाणकारांचे मत सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त नोंदवले आहे, शिंगाड्यासारख्या आकाराचा हिरा मात्र शुभ, अशी पुस्तीही जोडली आहे. ‘हिरा सगळ्यांनाच लाभत नाही’ हे मराठी घरांत आजही ऐकू येणारे वाक्य त्याच कुळातले.

खरा हिरा घणाखाली फुटत नाही, ही समजूत तुकारामांच्या अभंगामुळे मराठी माणसाच्या ओळखीची आहे. दृष्टान्त म्हणून ती उत्तम. दागिन्यावर मात्र आजमावू नये. हिऱ्यावर ओरखडा सहसा दुसरा हिराच पाडतो, पण त्याचा स्फटिक चार दिशांनी चिरतो आणि नेमका घाव बसला की फुटतो.

सोन्याप्रमाणे हिराही अडीअडचणीला मोडता येतो, असे धरले जाते. सोनार दागिना काट्यावर ठेवतो, घट धरतो आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे देतो. हिऱ्याला असा भाव नाही. वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू यांनुसार प्रत्येक खडा वेगळा, शिवाय विकत घेताना दुकानाचा नफा मोजलेला. परत विकताना बहुधा बरीच कमी रक्कम हाती येते.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा नकली नसतो. तोही स्फटिकरूप कार्बनच, आणि फरक ओळखायला यंत्र लागते. 2018 मध्ये खुद्द डी बिअर्सने असे हिरे विकायला काढले. साखरपुड्यासाठी नव्हे, फॅशनचे दागिने म्हणून.